एकशे चाळीस, मजेत हाय

दोन वर्षं होत आली, मी माझ्या नणंदेशी बोलत नाही. लोकांना वाटतं जमिनीवरून काहीतरी असणार, कारण आमच्याकडं नणंद-भावजयीचं बिनसलं की लोकांना आधी सातबारा आठवतो. जमिनीचा काही संबंध नाही. आमचं बिनसलं ते एका आकड्यावरून. एकशे चाळीस. तो आकडा तिनं मला मोबाइलवर पाठवला होता आणि तो खोटा होता. माझी मुलगी मात्र दर रविवारी तिच्याशी बोलते, माझ्याच फोनवरून, माझ्याच समोर बसून. मी तेवढा वेळ कपड्यांच्या घड्या घालते.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मी साताऱ्यात एका शाळेत क्लार्क आहे, नवरा फौजेत, त्यामुळं घरात आम्ही दोघीच. त्या पावसाळ्यात तिला तहान लागायला लागली. शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती आधी माठाकडं जायची आणि चार-चार भांडी पाणी प्यायची. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. आठ वर्षांची घोडी, लाज नाही वाटत, असं मी तिला म्हणाले. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं मी दुसऱ्यांवर तोंडसुख घेईन तेव्हा वाचणाऱ्याला माहीत असेल की बाई स्वतःही काही कमी नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी आधी जंताचं औषध दिलं, मग भूक लागण्याचं टॉनिक. भूक तिला लागतच होती. सहा-सहा चपात्या खायची आणि तरी फ्रॉक अंगावर लोंबायचा. टॉनिक चांगलं गोड होतं. मी ते घड्याळ लावून तीन वेळा पाजलं. आपण काहीतरी करतोय याचं समाधान मला तेव्हा फार होतं.

एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती खाली बसली ती उठलीच नाही. धापा टाकत होती आणि तोंडाला अति पिकलेल्या पेरूसारखा वास येत होता. दवाखान्यात रक्त तपासल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला डायबेटिस आहे, हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज सुईनं द्यावं लागेल, आणि जन्मभर. मी म्हटलं, तो म्हाताऱ्या माणसांना होतो. ते म्हणाले, मुलांनाही होतो. माणूस वाईट नव्हता, पण बाहेर चाळीस पेशंट बसले होते, आणि माझ्या वाट्याला त्यांची सात मिनिटं आली.

पुढचं सगळं सिस्टरनं शिकवलं. ती म्हणाली, घरातल्या निदान दोघांना सुई देता आली पाहिजे. नवरा सुट्टी काढून आला होता, पण ती संपत आली होती, म्हणून शिराळ्याहून माझी धाकटी नणंद आली. आम्ही दोघींनी मोसंबीवर सुई टोचून सराव केला. तिचा हात माझ्याआधी बसला. शेतातल्या बाईचा हात, न थरथरता जाणारा. मुलीच्या दंडाला पहिली सुई तिनंच दिली आणि मुलगी म्हणाली, आत्तीचं दुखत नाही, आईचं दुखतं. मला राग आला नाही. उलट जीव खाली पडला. माझ्या जिवाला जीव देणारं दुसरं कुणीतरी आहे असं मला त्या दिवशी वाटलं, आणि म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

डिस्चार्जच्या वेळी एक माहितीपत्रक मिळालं. त्याच्या मुखपृष्ठावर पांढरे बूट घालून फिरायला निघालेले एक आजोबा होते. आत लिहिलं होतं, धूम्रपान सोडा, मद्यपान टाळा, जोडीदारासोबत रोज चाला, पायांची निगा राखा. माझी लेक तिसरीत होती. ते पत्रक मी तीनदा वाचलं, कुठंतरी एखादी ओळ लहान मुलांसाठी असेल म्हणून. नव्हती.

घरी आलो त्या दिवशी मी एक गोष्ट केली. माझ्या माहेरी एका मुलीला फिट्स यायच्या. तिचं ठरलेलं लग्न हळदीच्या आदल्या दिवशी मोडलं आणि मग ती भावाच्या घरात भांडी घासत म्हातारी झाली. आठ वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विचार कोण करतं? मी केला. नवऱ्याला फोनवर सांगितलं की हे कुणाला कळता कामा नये, तो म्हणाला तू म्हणशील तसं. राहिली नणंद. तिच्या सासरी तीन जावा आणि सासू एकाच चौकात राहतात, तिथं सकाळी एकीला सांगितलेलं दुपारपर्यंत नळावर पोचतं. मी तिला म्हटलं, "वन्सं, शपथ घ्या."

"वैनी, माझ्या शब्दावर इस्वास न्हाई व्हय?"

"आहे. तरी घ्या."

मुलगी पाटावर बसून दूध-भाकरी खात होती. मी नणंदेचा हात धरला आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. नणंदेनं डोळे मिटले. "हिच्या दुखण्याचं माझ्या तोंडातनं भाईर पडणार न्हाई," ती म्हणाली. "हिच्या गळ्याशपथ." अशी शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्यालाच ती भोवते, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मुलीनं एकदा मान वर करून आम्हा दोघींकडं बघितलं आणि पुन्हा खायला लागली. आम्ही तिच्या डोक्यावरून बोलत होतो, तिच्याशी नाही.

मग आमचा चोरटा संसार सुरू झाला. सकाळची सुई घरी, संध्याकाळची घरी. मधल्या सुट्टीत ती माझ्या ऑफिसात यायची आणि जुन्या दाखल्यांच्या कपाटामागं उभी राहून बोट पुढं करायची. मी टोचायचे, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचे, आकडा बघायचे, कापूस मुठीत लपवून बाहेर यायचे. वर्गशिक्षिकेला मी सांगितलं होतं की तिला पोटाचा त्रास आहे. कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट मिळालं की ती थँक्यू म्हणून खिशात टाकायची आणि घरी येऊन माझ्या हातावर ठेवायची. कधी विसरायची, मग दप्तराच्या तळाशी सगळं चिकट व्हायचं. थोड्याच दिवसांत ती माझ्यापेक्षा सफाईनं खोटं बोलायला लागली. मला त्याचंही कौतुक वाटायचं, पोरगी हुशार आहे म्हणून.

आता माहिती मिळवायची तर कुणाला तरी विचारावं लागतं, आणि विचारायचं तर सांगावं लागतं. मी न सांगता विचारायला लागले. औषधाचं दुकान मुद्दाम दुसऱ्या टोकाचं धरलं. तिथं मी म्हणायचे, शेजारणीच्या मुलीसाठी पाहिजे. तो माणूस इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत घालून द्यायचा आणि म्हणायचा, फार चांगल्या शेजारीण आहात. मोबाइलवर शोधलं तर एक गृहस्थ कारल्याचा रस आणि कसलीशी हिरवी पूड पुढ्यात मांडून बसलेले सापडले. तीन महिन्यांत सुई सुटणार असं ते छातीठोकपणे सांगत होते आणि खाली शेकडो लोकांनी हात जोडले होते. मी अकरा दिवस पोरीला कारल्याचा रस पाजला. बाराव्या दिवशी तिनं तो माझ्या साडीवर ओकला. सुई मी बंद केली नाही. अकलेमुळं नव्हे, भीतीमुळं. नंतर कळलं की बंद केली असती तर पोर हातची गेली असती. तो गृहस्थ अजून तिथंच बसलेला असतो.

खरी माहिती मिळाली ती एका ग्रुपवर. मोठ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर एक नंबर चिकटवलेला होता, असल्या मुलांच्या आईबापांचा. मी फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलं आणि आत शिरले. सांगितलं, शेजारणीच्या मुलीला आहे, तिच्या वतीनं विचारते. तिथं आटपाडीकडची एक बाई होती. मेंढरं राखणारं घर, तिच्या बारा वर्षांच्या मुलीला चार वर्षांपासून हेच. तिला लिहायचा कंटाळा, ती बोलून पाठवायची, मागं मेंढरं ओरडत असायची. जे सात मिनिटांत आणि त्या आजोबांच्या पत्रकात मला मिळालं नाही, ते त्या बाईनं एकेक करून दिलं. सुई रोज एकाच जागी टोचायची नाही. वीज गेली तर औषधाची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. पोर घामाघूम झाली, थरथरली, येड्यावानी बोलाय लागली तर साखर खाली गेली समजायचं, आणि आधी गूळ तोंडात, मग बाकीचं.

एकदा तिनं सांगितलं, "शेजारणीला म्हणावं, सुई टोचली की खायलाच पायजे. एकवेळ जेवाण चुकवून चालायचं न्हाई. सणावाराला पोरीला उपास न्हाई म्हंजे न्हाई. देवाला आपुन सांगायचं, त्यो ऐकतू. आन् पोरीच्या खिशात गुळाचा खडा, आन् वर्गातल्या दोगी-तिगींना ठावं पायजे. ह्ये लपवायचं दुखणं न्हवं बाई."

मी गुळाचा खडा खिशात दिला. पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही असं धरलं. काही दिवसांनी तिनं विचारलं, तुमची शेजारीण सवता का बोलत न्हाई? मी लिहिलं, तिला फोन वापरता येत नाही. "मग तिला माझा आवाज ऐकवा," ती म्हणाली. "समदं ऐकवा."

तो उपवासाचा निरोप मी नणंदेला ऐकवला होता. दोनदा. तिनं मान डोलावली होती. हे मी लिहून ठेवते, कारण तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

पुढच्या वर्षी श्रावणात मुलीनं शिराळ्याला जायचा हट्ट धरला. पंचमीला तिकडं झोपाळे बांधतात, मुली दिवसभर फुगड्या खेळतात, गाव माणसांनी फुलून जातं. शाळेची ऑनलाइन माहिती भरायचं काम माझ्या गळ्यात होतं, म्हणून मुलीला दोन दिवस आधी नणंदेसोबत पाठवलं आणि मी पंचमीला सकाळी पोचायचं ठरवलं. डबा भरून बिस्किटं दिली, औषध दिलं, साखर मोजायचं मशीन दिलं. रोज संध्याकाळी आकडा कळवायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी आकडा आला. दुसऱ्या दिवशी, पंचमीच्या आदल्या संध्याकाळी, मेसेज आला, "एकशे चाळीस. मजेत हाय." बरं वाटून मी चहा केला, मोठ्या कपात.

पंचमीला मी त्या चौकात पाय ठेवला तर माझी मुलगी पाटावर बसलेली, कपाळभर हळद-कुंकू, आणि एक पोक्त बाई तिच्या पाया पडत होती. मला बघून नणंदेची थोरली जाऊ पुढं आली. चेहऱ्यावर भाव असा की माझ्या हातून काहीतरी पुण्य घडलंय.

"आवं, तुमच्या लेकीच्या अंगात आलं काल," ती म्हणाली. "एवढीशी पोर, पर लय कडक वारं. घामानं सगळी भिजली, डोळं फिरवलं, थरथरा कापाय लागली. काय बोलती कळंना. निस्तं पानी, पानी. सासूबाई म्हणल्या, बाईला नदीवर न्यायला पायजे."

मी पाटावरच्या मुलीकडं बघितलं. तिनं खाली बघितलं.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बायका-मुली भावासाठी उपवास धरतात. ज्या मुलीला भाऊ नाही ती नागाला भाऊ मानते. त्या घरात हा उपवास कडक, संध्याकाळची पूजा होईपर्यंत पाण्यावर. नणंदेची सासू माझ्या मुलीला म्हणाली होती, तुला तर भाऊ न्हाई, तुला धरायलाच पायजे. सकाळची सुई नणंदेनं मोरीत नेऊन दिली होती, कपभर दूध पाजलं होतं, आणि नंतर गुपचूप काहीतरी खायला घालू असं ठरवलं होतं. पण घर बायकांनी भरलं. दुपारी फुगडी खेळता खेळता मुलगी पडली. सगळ्या बायका म्हणाल्या, देवी आली. कुणी लिंबू आणलं, कुणी हळद ओतली, एकीनं तर तिला मुलाच्या नोकरीचं विचारून घेतलं. आणि जिला खरं काय ते माहीत होतं ती बाई त्या घोळक्यात उभी होती.

मी मशीन काढलं. त्यात जुने आकडे राहतात. आदल्या दिवशी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी त्रेचाळीस; सत्तरच्या खाली गेलं की धोका असतो. संध्याकाळी सहाला दोनशे बारा. एकशे चाळीस कुठंच नव्हतं.

नणंद परसात कपडे धूत होती. मी मशीन तिच्यापुढं धरलं. ती वाचायलाही वाकली नाही, म्हणजे तिला पाठच होतं.

"तुम्हाला दिसत होतं ना काय झालंय ते?"

"दिसत व्हतं."

"मग तोंड का उघडलं नाही?"

"उघडलं की. म्या म्हणलं, बाईला गूळपानी पायजे, बाई गूळपानी मागती. पदराआड बोट टोचून बघितलं, आन् म्हणलं मला पाजू द्या. तांब्याभर गूळपानी पाजलं म्या तिला. शुद्धीत येस्तवर मांडीवर घिऊन बसले."

"गूळपाणी पाजलंत. आणि तिला देवी करून ठेवलंत."

"देवी जावांनी म्हणलं, म्या न्हाई."

"एक वाक्य सांगायचं होतं. हिला शुगर आहे, हिला उपवास चालत नाही. सकाळीच सांगायचं होतं."

तिनं हातातला कपडा पिळला, तो पिळतच राहिली. "तुमीच माझा हात धरून पोरीच्या डोस्क्यावर ठिवला व्हता, वैनी. म्या सांगितलं आस्तं तर शपथ मोडली आस्ती. कुणाला भोवली आस्ती ती? पोर डोळं फिरवाय लागलीया, आन् त्या वक्ताला म्या तिच्याच डोस्क्याची शपथ मोडू?"

तिला ते खरंच वाटत होतं. बारावी पास बाई, जिचा हात सुई देताना कापत नाही, तिला ते मनापासून वाटत होतं. मला त्या क्षणी तिची कीव यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "आणि एकशे चाळीस? त्याचीपण शपथ घेतली होती का?"

तिनं तो कपडा बादलीत टाकला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमी एवढ्या लांब. जीव टांगणीला लागला आस्ता तुमचा." मग तिला रडू आलं. मी तिला जे काही बोलले ते इथं लिहिणार नाही. जावा दारात येऊन ऐकत होत्या, म्हणून मी ते सगळं हळू आवाजात बोलले. म्हणजे तेव्हाही मी लपवतच होते. मुलीचं दप्तर भरलं, तिच्या कपाळावरची हळद माझ्या पदरानं खसाखसा पुसली आणि जेवणाच्या पंगतीवरून तिला उठवून, डब्यात तिच्यापुरतं घेऊन, स्टँडवर आले.

उलट्या दिशेनं जाणाऱ्या बसला गर्दी नव्हती. सगळं जग शिराळ्याला येत होतं. मुलगी खिडकीशी बसली. मी तिला जेवू घातलं, आकडा बघितला, ठीक होता. पेठ नाका जवळ येईपर्यंत माझ्या डोक्यात फक्त नणंद होती. मला वाटत होतं, जगात एकच माणूस मी आत घेतलं होतं आणि त्यानंच मला फसवलं. शेवटी मी विचारलं, "आत्तीनं तुला खायला का नाही दिलं?"

"देत होती. केळं घेऊन दोनदा आली होती. मीच खाल्लं नाही."

"का?"

"सगळ्या मुली होत्या तिथं. त्यांनी विचारलं असतं, उपवासाला का खातेस. मग सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं होतंस की गं."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला एवढी साधी गोष्ट कशी कळत नाही. "मग मी मेले असते ना," ती म्हणाली. "आत्तीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तू ठेवायला लावलास. न खाल्लं तर नुसती चक्कर येते. सांगितलं तर मरतो."

नऊ वर्षांची पोर. वर्षभर हे घेऊन शाळेत जात होती. दाखल्यांच्या कपाटामागं उभी राहून बोट पुढं करत होती, चॉकलेटं खिशात टाकत होती, पोटात दुखतं म्हणून सांगत होती, आणि मी तिची हुशारी म्हणत होते. ती जीव वाचवत होती. मला तिच्या लग्नाची काळजी होती.

पेठ नाक्यावर एक बाई चढली आणि आमच्या पलीकडच्या बाकावर बसली. सणाच्या दिवसाची बाई, डोक्यात गजरा, पिशवीत लाह्या-बत्तासे. तिनं मुलीकडं बघून हसून दोन बत्तासे पुढं केले. "घे बाळ, परसाद हाय."

मुलीनं हात पुढं केला नाही. माझ्याकडं बघितलं. आता मी पोटाचं सांगणार, हे तिला माहीत होतं. माझ्याही तोंडावर तेच आलं होतं, वर्षभराची सवय.

"तिला डायबेटिस आहे," मी म्हटलं. "रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घेते."

आवाज जरा मोठाच लागला असावा. पुढच्या बाकावरचे दोघं मागं वळले, कंडक्टरनं तिकिटाच्या मशीनवरनं मान वर केली. ती बाई म्हणाली, "आगं बाई, एवढ्याशा लेकराला?" आणि तिचे बत्तासे हातातच राहिले. मग ती काय काय विचारत गेली, कवापासनं, कुठं दाखवलं, आमच्या भावकीतबी एकाला. मी उत्तरं देत होते, पण माझं लक्ष तिच्याकडं नव्हतं.

मुलीनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं. डोळे घट्ट मिटले होते. श्वाससुद्धा घेत नव्हती, आणि रोखवेना झालं की घाईघाईनं एक घ्यायची आणि पुन्हा धरून ठेवायची. मला कळलं ती काय करतेय. ती मरायची वाट बघत होती. मी तिला हलवलं, म्हटलं, अगं तसं काही नसतं. तिनं डोळे उघडले नाहीत. माझ्या शब्दावर तिनं का विश्वास ठेवावा, हे मला सांगता आलं नसतं. कासेगाव गेलं. ती बाई लाह्या खायला लागली. कंडक्टर पुढं जाऊन ड्रायव्हरशी बोलत बसला.

कराडच्या अलीकडं तिनं डोळे उघडले. माझं मनगट सोडलं, तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते. आपला एक हात तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला, जिथं आत्तीचा ठेवला होता तिथं, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"काहीच नाही झालं," ती म्हणाली.

मला वाटलं आता ती हसेल. मी हसायच्या तयारीत होते.

"म्हणजे ते खोटंच होतं," ती म्हणाली. "आणि तुला माहीत होतं."

मग ती खिडकीकडं तोंड करून बसली ती साताऱ्यापर्यंत.